अड्येरीच्या बाळाची आत्या

बसालिझाकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते नाव ठेवण्याच्या एका जेवणात. तो आत यायला तयार नव्हता.

मी तेव्हा नुकतीच बदली होऊन त्या गावच्या शाळेत आले होते. फोर्ट पोर्टल शहराकडून चहाच्या मळ्यांमधून येणारा रस्ता जंगलाच्या कडेला संपतो, आणि जिथे संपतो तिथेच आमचं गाव सुरू होतं. शेजारच्या घरी मुलगी झाली होती. मुलगी, म्हणून तिसऱ्या दिवशी नाव. मुलगा असता तर चौथ्या. घरच्या आत्या बाळाला या मांडीवरून त्या मांडीवर घेत होत्या आणि ते कुणावर गेलंय याचा वाद चालला होता.

"कपाळ आमच्या आईचं."

"कपाळ असू दे आईचं, पण हे नाक कुठून आलं? आपल्याकडे एवढं पसरट नाक कुणाचं आहे?"

"सुनेच्या माहेरून आलं असेल. तिकडून दुसरं काही आलं नाही, निदान नाक तरी आलं."

सून हसली, आम्ही सगळ्या हसलो. हे असं चालायचंच. बाळ ज्याच्यावर गेलं त्याचं मानाचं नाव बाळाला मिळतं. आम्हा टोरो लोकांत कागदावरच्या नावाने हाक मारणं म्हणजे ओळख तोडण्यासारखं. हाक मारायची ती मानाच्या नावाने, आणि अशी नावं सबंध मुलुखात मिळून बाराच आहेत. ती कुणी नवी घडवत नाही. कुणाच्या तरी तोंडावळ्यावरून ती पुढच्याकडे जातात.

नाव ठरलं. टोपलीत नाचणीचा वाफाळता गोळा आला, सोललेल्या घेवड्याचं दाट कालवण आलं, धुरावर सुकवलेल्या मांसाचा रस्सा आला. नाव ठेवल्यावर सगळ्यांनी एकाच टोपलीत हात घालायचा असतो. तेवढ्यात दाराबाहेर एक उंच, काटकुळा माणूस घरून आणलेली पत्र्याची ताटली घेऊन उभा दिसला.

"अराली, असा भीक मागायला आल्यासारखा का उभा आहेस? ये की आत," थोरली आत्या म्हणाली.

"मी इथेच बरा आहे, आत्या. सर्दी झालीय मला."

"काय झालंय?"

"सर्दी."

आत्याने आमच्या सगळ्यांकडे एक नजर टाकली. "ऐकलंत ना? सर्दी झालीय. सुताराला निरोप पाठवू का मयताची पेटी करायला?"

"बाळ लहान आहे, आत्या."

"आमची नऊ जणांची नावं याच टोपलीवर ठेवली. त्यातल्या आठांना सर्दी होती आणि नववा रडत होता. ये आत."

तो आला नाही. ताटली लांब धरून त्याने वाढून घेतलं, फणसाच्या झाडाखाली आमच्याकडे पाठ करून बसला आणि मुकाट्याने जेवला. मी शेजारणीला विचारलं, हा कोण. ती म्हणाली, "तो जंगलातला बसालिझा, मानाचं नाव अराली. चिंपांझींच्या मागे फिरून फिरून असा झालाय. माणसांत बसायचं म्हटलं की त्याला संकोच."

पुढे करोना आला तेव्हा सबंध गाव ताटल्या लांब धरू लागलं आणि लोकांना बसालिझाची ती ताटली आठवली. पण हे फार आधीचं. तेव्हा तोंडावर मास्क बांधणारी माणसं आमच्या भागात फक्त जंगलातच असत.

त्याचं घर माझ्या घरामागे, मधे केळीची बाग. घरात तो आणि त्याची आई. त्याची बायको त्याच्या भाषेत "शहराला गेली" होती, आणि त्याबद्दल तो कधीच कडवटपणे बोलत नसे. हळूहळू आमची ओळख झाली. पावसाळ्यात तो माझ्या दारात अळंबी ठेवून जाई. सर्दी नसली तर चहाला थांबे आणि मग बोले. बोलायला त्याला एकच विषय होता.

जंगलात संशोधन केंद्र होतं. माणूस माणूस कसा झाला हे समजून घ्यायला तिथे देशोदेशीचे लोक येत. काहीजण दिवसभर चिंपांझींच्या मागे फिरून ते कसे खातात, कसे भांडतात, आई लेकराला कसं शिकवते ते टिपून घेत. डॉक्टर मुथिआनी मात्र हाडांचा अभ्यास करीत. त्या शेजारच्या देशातल्या, केनियाच्या. त्यांच्याकडच्या सरोवराकाठच्या उजाड माळावर लाखो वर्षांपूर्वीच्या माणसांची दगड झालेली हाडं मिळतात. त्यातला एखादा खांद्याचा तुकडा पाहून तो माणूस झाडावर चढत होता की नाही हे सांगायचं, तर आज झाडावर चढणाऱ्याचा खांदा शेजारी ठेवावा लागतो. म्हणून जंगलात मेलेले चिंपांझी पुरून ठेवत आणि वर्ष-दीड वर्षाने मातीने काम केल्यावर हाडं काढत.

एकदा त्या आमच्या शाळेत दोन कवट्या घेऊन आल्या. एक प्लास्टरची, फार जुन्या माणसाची, दुसरी खऱ्या चिंपांझीची. खोकं उचलायला बसालिझा होता. एका मुलीने विचारलं, "म्हणजे आपण यांच्यापासून झालो?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "फार फार मागे यांची आणि आपली आई एक होती. मग दोन घरं वेगळी झाली."

"भाऊबंद," बसालिझा मागून म्हणाला.

तेव्हापासून गावातल्या बाप्यांना एक विषय मिळाला. तो जंगलातून येताना दिसला की बारच्या पडवीतून कुणीतरी ओरडायचं, "अराली, तुझे आजोबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. विचारत होते, त्या पोराने नेलेलं फावडं परत केलं का."

"त्यांना सांग, फावडं मोडलं."

"सांगितलं. ते म्हणाले, वाटलंच होतं. हात त्याच्या बापाचेच आहेत."

असा होता तो तेव्हा.

जंगली चिंपांझी माणूस दिसला की पळतो. पळणाऱ्याचा अभ्यास करता येत नाही. म्हणून बसालिझासारख्या माणसांचं पहिलं काम म्हणजे त्यांची भीती घालवणं. तरुणपणी वर्षानुवर्षं तो एका कळपाच्या मागे चालला. ते थांबले की थांबायचं, त्यांच्याकडे पाठ करून बसायचं, डोकं खाजवायचं, पानं चघळल्याचं सोंग करायचं. आपण निरुपद्रवी आहोत हे अंगाने सांगायचं. त्या कळपात एक पिल्लू आईच्या पोटाला चिकटलेलं असे. एक दिवस ते उतरून त्याच्या बुटाच्या नाडीकडे आलं. त्याला नाडी ओढू द्यायचा मोह झाला होता, पण तो मागे सरला. शिवायचं नाही, शिवू द्यायचं नाही, ठरलेल्या अंतराच्या आत जायचं नाही. आपली साधी सर्दी त्यांचा जीव घेते, हे माग काढणाऱ्यांना पहिल्या दिवशी शिकवतात. त्या पिल्लाला केंद्राच्या कागदांवर दोन इंग्रजी अक्षरं होती. बसालिझाने तिला नाव दिलं अड्येरी.

ही माग काढणाऱ्यांची आपापसातली रीत होती. पिल्लू झालं की मुलगा असेल तर चौथ्या दिवशी, मुलगी असेल तर तिसऱ्या दिवशी लांबून त्याचा तोंडावळा पाहायचा, कुणावर गेलंय ते ठरवायचं आणि नाव द्यायचं. मग जंगलाच्या हद्दीबाहेर येऊन पानात बांधून आणलेली नाचणी सगळ्यांनी वाटून खायची. म्हातारा कागोरो घरातला वडीलधारा होई आणि त्या पिल्लाच्या आईला जो सगळ्यात जुना ओळखतो तो आत्या. माग काढणाऱ्यांत काहुंडे नावाची एकच बाई होती. मोठ्या हसऱ्या तोंडाची, दोन मुलं एकटीने वाढवणारी. ती म्हणायची, "एक खरी बाई इथे उभी आहे, आणि आत्या कोण? हा, मिशीवाला!" संशोधकांना हे माहीत नव्हतं असं नाही. ते न पाहिल्यासारखं करत.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी अड्येरीला पहिलं पिल्लू झालं. मुलगा. बसालिझा हे सांगायला माझ्याकडे सकाळी आला. चहा ठेवेपर्यंतही त्याला धीर नव्हता.

"काल उजाडताना झालं, बाई. हातभरसुद्धा नाही. ती त्याला असं धरते—" त्याने रिकामे हात छातीशी धरून दाखवले.

"आता आत्याबाईंना काम आलं."

"आलं," तो लाजून हसला. "परवा. चौथा दिवस."

तो चौथा दिवस कसा गेला हे त्याने मला कितीतरी उशिरा सांगितलं. इथे मी ते क्रमाने सांगते.

आदल्या दिवशी त्याच्या मामेभावाची मयत होती. मयतीच्या घरी सगळे शेजारी-पाजारी मुक्कामाला राहतात, जमिनीवर पसरलेल्या केळीच्या पानांवर दाटीवाटीने बसतात. तिथे निम्मे लोक खोकत होते. सकाळी बसालिझाच्या घशात खरखर होती. ताप नव्हता, खोकला नव्हता, नुसती खरखर. केंद्राच्या फाटकावर रोज विचारत, खोकला, ताप, पोट? हो म्हटलं की आठवडाभर जंगल बंद. काहुंडेने नुकतंच असं हो म्हटलं होतं आणि सुट्टी भोगून त्याच सकाळी ती कामावर आली होती. बसालिझाने आजवर कधी खोटं सांगितलं नव्हतं. सर्दीपायी गावाची जेवणं सोडणारा माणूस तो. फाटकावरच्या माणसाने त्याला विचारलंही नीट नाही.

"तुला काय विचारायचं, अराली. काही नाही ना?"

"काही नाही," तो म्हणाला.

चौथा दिवस पाचवा होत नाही. आणि आत्या आली नाही तर नाव ठेवायचं कुणी?

अड्येरी उंबराच्या मोठ्या मुळांच्या बेचक्यात बसली होती. बाकीचे लांब थांबले. आत्या म्हणून तो पुढे गेला, ठरलेल्या अंतरापर्यंत. पिल्लाचं तोंड आईच्या दंडाआड होतं, म्हणून तो अंतराच्या आत गेला. ती हलली नाही. तिने फक्त पाहिलं. पिल्लाने मान वळवली. रुंद फिकट तोंड, कान अगदी अड्येरीच्या भावासारखे. त्या भावाचं नाव अपूली. तेव्हा त्याला वाटलं, तोंड झाकून कुणी नाव ठेवतं का? त्याने मास्क हनुवटीखाली ओढला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "अपूली." मग मास्क वर घेतला. झाडांमुळे मागच्यांना दिसलं नाही. बाहेर येऊन सगळ्यांनी नाचणी खाल्ली. "आत्याच्या डोळ्यांत पाणी," म्हणून काहुंडेने त्याची टिंगल केली.

आठवडा उलटायच्या आत कळपात खोकला सुरू झाला.

कुणालाही जवळ जायला बंदी आली. माग काढणारे लांब बसून नुसते ऐकत. बसालिझाची आई मला म्हणाली, "घरी येतो आणि कान धरून बसतो. म्हणतो, अजून ऐकू येतंय." एक म्हातारा नर गेला, दोन लहान गेले. मग अड्येरी काटेरी झुडपांखाली सापडली. पिल्लू तिच्या छातीवर होतं. ते थोडा वेळ जिवंत होतं म्हणतात. दोघांना एकाच खड्ड्यात पुरलं.

तपासणीत निघालं की रोग माणसाकडून गेला. साध्या सर्दीतलाच. मग केंद्राने एकेकाला बोलावून विचारलं. बसालिझाला विचारलं तेव्हा तो पुन्हा तेच दोन शब्द म्हणाला. काहुंडे आजारी होती हे मात्र सगळ्यांना माहीत होतं, कारण तिने ते स्वतः सांगितलं होतं. तिची सुट्टी कमी पडली असावी, असं ठरलं. कुणी तिला तोंडावर दोष दिला नाही. महिनाभर घरी बस म्हणाले आणि मग परत बोलावलं नाही. ती चहाच्या मळ्यावर पानं खुडायला जाऊ लागली.

गावाला मात्र केंद्रासारखं मोघम बोलता येत नाही. माझ्या वर्गात तिचा धाकटा मुलगा होता. मधल्या सुट्टीत मुलं त्याला पाहून खोटं खोटं खोकत आणि मरून पडत. मी त्यांना रागावले, त्यांच्या आयांशी बोलले. थोडं थांबलं. मुलाने शाळेत घसा खाकरणंसुद्धा सोडलं होतं. घशात काही अडकलं तरी तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत थांबे.

बसालिझा आटत गेला. आजोबांची चौकशी झाली की तो "बरे आहेत" एवढंच म्हणे आणि पुढे जाई. बाप्यांनी दोन-चार वेळा करून पाहिलं आणि सोडून दिलं. कामावर तो जात होताच, पण कळपाच्या सगळ्यात मागे राही. लोक म्हणत, आत्याला दुःख झालंय. मलाही तसंच वाटलं. फक्त एक गोष्ट मला कळत नव्हती. अळंबी माझ्या दारात येणं बंद झालं होतं आणि ती काहुंडेच्या दारात जात होती. अळंबी, सरपण, एकदा घराचा पत्रा उडाला तर तोही येऊन ठोकून गेला. काहुंडेने एकदा बाजारात सगळ्यांसमोर त्याला गाठलं.

"अराली, खरं सांग, लग्न करायचंय का माझ्याशी?"

"नाही, नाही."

"मग असं मेल्यासारखं तोंड करून सरपण का टाकतोस? सरपण टाकणारे हसतात तरी."

लोक खदखदून हसले. तोही हसल्यासारखं करून निघून गेला. त्याच्या हातातल्या पिशवीतली रताळी तिथेच राहिली.

दीड वर्ष झालं. डॉक्टर मुथिआनी अड्येरीची हाडं काढायला आल्या. अशी हाडं फार मोलाची, असं त्यांनी मला सांगितलं. तिच्या जन्मापासून सगळं माहीत होतं, कधी फांदीवरून पडली, कुठला हात मोडला, काय खाल्लं. आई आणि तान्हं बाळ असे दोन्ही सांगाडे एकत्र मिळणं तर दुर्मीळच. दूर माळावर मिळालेल्या एका दगड झालेल्या लहान मुलाच्या हाडाशेजारी ठेवायला त्यांना अपूलीची हाडं हवी होती. पण माग काढणाऱ्यांनी फावडी खाली ठेवली. कुणी उकरायला तयार होईना. डॉक्टरांना कळेना. याआधी कितीतरी उकरली होती. शेवटी दुभाषी म्हणून मला बोलावणं आलं. मी तेव्हा निवृत्त झाले होते.

खड्ड्याजवळ सगळे उभे होते. म्हातारा कागोरो म्हणाला, "बाई, त्यांना सांगा. इतर वेळी आम्ही डोळे मिटून काढतो. पण ही लेकुरवाळी आहे. नाव ठेवलेल्या लेकराला आईच्या कुशीतून कसं उपसायचं?"

मी सांगितलं. डॉक्टरांनी खाली ठेवलेल्या फावड्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "त्यांना विचारा, काही मार्ग आहे का? नसेल तर मी परत जाते."

कागोरोने विचार केला. "रीत अशी काही नाही. चिंपांझींसाठी रीत कोण करून ठेवणार? पण मला वाटतं, आत्याने काढावं. नाव तिने दिलंय, माती तिने बाजूला करावी. मग आम्ही हात लावू."

सगळ्यांनी बसालिझाकडे पाहिलं.

त्याने फावडं घेतलं नाही. गुडघ्यांवर बसून हातांनी माती काढू लागला. बरीच काढली. बरगड्या दिसू लागल्या, मातीच्याच रंगाच्या. त्यांच्या आत, जिथे छाती असते तिथे, बोटाएवढ्या हाडांचा पुंजका होता. तिथे त्याचे हात थांबले.

"बाई," तो वर न पाहता म्हणाला, "डॉक्टरांना सांगा, त्या दिवशी मला सर्दी होती."

मी ऐकलं. आधी कागोरोकडे पाहिलं.

"सांगा ना. चौथ्या दिवशी. घसा धरला होता. मी फाटकावर काही नाही म्हणालो. मी जवळ गेलो, आणि नाव ठेवताना मास्क काढला."

मी डॉक्टरांना सांगितलं. माझ्या तोंडून ते फार थोडक्यात निघालं. त्यांनी डोळे मिटले, उघडले, आणि मग त्यांच्यातली अभ्यासक जागी झाली. किती जवळ? वारा कुठून होता? खोकला कधी सुरू झाला? मी विचारत होते, तो उत्तरं देत होता, कागोरो आणि बाकीचे एकेक पाऊल मागे सरत होते.

शेवटी डॉक्टर म्हणाल्या, "त्याला सांगा, हे त्याच्याकडूनच गेलं असं खात्रीने कुणालाच सांगता येणार नाही. त्या आठवड्यात गावात खूप जणांना सर्दी होती. दोन पाहुणेही येऊन गेले होते."

बसालिझाने मान हलवली. "ते मला पुष्कळ वेळा वाटून झालंय, बाई. मी माझ्याशी हेच बोलत आलो. पण ती मला बघून पळाली नाही. पळायला हवं होतं. पळायचं नाही, हे तिला मीच शिकवलं ना? आणि काहुंडेचं तर खात्रीने माझ्यामुळेच झालं. तिथे वारा कुठून होता हे विचारायची गरज नाही."

कागोरो तेवढ्यात म्हणाला, "दीड वर्ष, अराली? आमच्या बरोबर बसून नाचणी खात होतास?"

"खात होतो, बाबा."

"आणि ती मळ्यावर जात होती."

"जात होती."

कागोरो थुंकला, पण खड्ड्यापासून दूर जाऊन. मग परत आला आणि म्हणाला, "हाडं काढून घे. अर्धवट नको ठेवू."

त्याने दोघांची हाडं काढली. कुणी मदत केली नाही. लहान हाडं त्याने वेगळ्या कापडात बांधली. डॉक्टर म्हणाल्या, मला हे केंद्राला सांगावं लागेल. तो म्हणाला, हो. त्या म्हणाल्या, काहुंडेला कोण सांगणार? तो म्हणाला, "मी." आणि हात धुऊन तो तसाच मळ्याकडे गेला.

तिथे काय झालं ते मला काहुंडेने सांगितलं. ती चहाच्या ओळीत होती, पाठीवर टोपली. तो ओळीच्या टोकाला उभा राहून सगळं बोलला. आजूबाजूच्या बाया खुडायच्या थांबल्या, ती थांबली नाही. ओळ संपवून त्याच्यासमोर आली.

"माझा पोरगा दीड वर्ष खोकलेला नाही," ती म्हणाली. "छातीत कफ दाटून तापाने पडला, तरी मला कळू दिलं नाही. हे तुला माहीत होतं?"

"नव्हतं."

"आणि मी वेडी, मला वाटायचं माझ्यामुळेच मेली असेल अड्येरी. सरपण टाकायला यायचास तेव्हा मीच तुला म्हटलं होतं ना, मला झोप लागत नाही म्हणून? तेव्हा काय म्हणालास तू?"

त्याला आठवत होतं. तिला मानाच्या नावाने हाक मारून तो म्हणाला होता, "जाऊ दे, अब्वोली. होतं असं."

"जा आता, बसालिझा," ती म्हणाली.

कागदावरच्या नावाने. ओळीतल्या सगळ्या बायांनी ते ऐकलं. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं होतं.

काहुंडेला केंद्राने परत बोलावलं. तिने होकार द्यायला बरेच दिवस घेतले. "मळ्यात निदान कुणी मरत नाही माझ्यामुळे," असं मला म्हणाली. शेवटी गेली. आता ती माग काढणाऱ्यांची मुख्य आहे. नावं ठेवायची रीत तिने बंद केली. नवं पिल्लू झालं की ते अक्षरांवरच राहतं.

बसालिझाला जंगल बंद झालं, कायमचं. त्याने तक्रार केली नाही. केंद्राला त्याला काढूनच टाकायचं होतं, पण डॉक्टर मुथिआनी म्हणाल्या, हाडं स्वच्छ करायला मला माणूस लागतो. तेवढ्यावर तो राहिला. त्याची आई मात्र अजून मला विचारते, "बाई, एवढ्या सगळ्यांना सर्दी होते, माझ्याच पोराची का मोजली?" मी विचारते, तो नीट जेवतो का? ती म्हणते, जेवतो, पण ताटली घेऊन बाहेर बसतो. सर्दी नसली तरी.

मागच्या महिन्यात मी काही कामाने केंद्रात गेले होते. हाडांची खोली मागच्या बाजूला आहे, फाटकाच्या अलीकडे. तो खिडकीपाशी बसून मऊ ब्रशने एक जबडा साफ करत होता. मला पाहून उठला, खुर्ची दिली. त्याने मास्क लावला होता. तिथे त्याची गरज नसते. कपाटातल्या खोक्यांवर अक्षरं होती. अड्येरीचं कुठलं, हे मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. मी म्हटलं, "बरा आहेस ना, अराली?" तो म्हणाला, "काम बरं आहे, बाई." काहुंडे अंगणातून गेली. तिला पाहून त्याने मान खाली घातली, ती सरळ पुढे गेली.

तो आता सोमवार ते शुक्रवार त्या खोलीत काम करतो आणि पायी घरी येतो.